सहा नांगर विकायला लागली दोन वर्षं: लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट

तुमच्या बिल्डिंगच्या खाली, पाण्याच्या टाकीजवळ एक पंप असतो. रोज आपण त्याच्या बाजूने जातो, पण त्याच्याकडे बघत नाही. आमच्या पनवेलच्या सोसायटीत तर लोकांना पंप आठवतो तो फक्त नळाला पाणी नसलं की! पुढच्या वेळी जरा थांबून त्याच्यावरची पाटी वाचा. बऱ्याच ठिकाणी तिथे एक आडनाव दिसेल: किर्लोस्कर.

मलाही लहानपणापासून हा शब्द म्हणजे 'पंप' एवढंच माहीत होतं. पण या आडनावामागचा माणूस आधी चित्रकार व्हायला निघाला होता, मग शिक्षक झाला, मग सायकली विकल्या, आणि ज्या वस्तूने त्याचं नाव झालं ती वस्तू सुरुवातीला कुणीच विकत घेत नव्हतं. आज आपण 'स्टार्टअप', 'प्रॉडक्ट', 'यूजर' हे शब्द सहज वापरतो. या सगळ्याचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचं आयुष्य एकदा वाचायलाच हवं.

चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

रंग ओळखता येत नव्हते, म्हणून...

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या आणि शास्त्रचर्चा, पण मुलाचा ओढा दोनच गोष्टींकडे, चित्रं आणि यंत्रं. शाळेच्या अभ्यासात मन लागेना. वडिलांना हे काही पटलं नाही, पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक वेगळीच अडचण आली. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता, म्हणजे काही रंगांमधला फरक डोळ्यांना नीट कळत नव्हता. आज तुमच्या फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये अशा लोकांसाठी रंग बदलून दाखवायची सोय असते. तेव्हा असलं काहीच नव्हतं. रंगांचा चित्रकार होणं शक्य नाही हे स्पष्ट झालं.

पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. तिथे लागते रेष, माप आणि यंत्राचा कुठला भाग कशाला जोडलाय याची समज. लक्ष्मणरावांनी तेच धरून ठेवलं. या कौशल्यावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. यंत्रं ते तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून शिकले. शिकवण्याचं काम संपलं की यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं, पुन्हा जोडायचं. आज आपण यूट्यूब लावून फोन उघडतो ना, तसंच काहीसं. फक्त यूट्यूब नव्हतं.

सायकल: त्या काळचं नवीन गॅजेट

१८८५ च्या आसपास इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'सेफ्टी' सायकल आली. त्याआधीच्या सायकलचं पुढचं चाक माणसाच्या खांद्याएवढं उंच असायचं, पडलात तर हात-पाय मोडलेच म्हणून समजा. नवीन सायकल सामान्य माणसाला चालवता येण्यासारखी होती. थोड्याच वर्षांत ती मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागली.

लक्ष्मणरावांना ती आवडली आणि त्यातला धंदाही दिसला. मुंबईहून ते सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे, आणि रामुअण्णा तिथे विकायचे. किर्लोस्कर बंधूंचं हे दुकान १८८८ मध्ये सुरू झालं, असं धरलं जातं. आजचा किर्लोस्कर उद्योगसमूह आपलं वय तेव्हापासूनच मोजतो. बेळगावात ज्या रस्त्यावर ते दुकान होतं, त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

दुकानात सायकल शिकवायचीही सोय होती, आणि त्याचे १५ रुपये घ्यायचे. लक्ष्मणरावांचा महिन्याचा पगार आठवा, ४५ रुपये! म्हणजे ही फी अजिबात स्वस्त नव्हती. पण ज्याला चालवताच येत नाही तो सायकल घेईल कशाला? आज कुठलंही नवीन ॲप उघडलं की 'इथे टॅप करा, तिथे स्वाइप करा' असं आधी शिकवतं. ते याच कारणासाठी.

मुंबईची नोकरी मात्र फार काळ टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत असूनही जागा मिळत नाही, याचा अर्थ त्यांना समजला. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पाठीशी पैसा नाही, पुढे सायकलचं दुकान आणि डोक्यात यंत्रं.

मुंबई सोडली आणि शेतीकडे वळले

सायकली बाहेरून आणून विकण्यात एक मर्यादा होती. त्यात स्वतः बनवण्यासारखं काही नव्हतं. आजूबाजूला बघितलं तर सगळा शेतीचा मुलूख. मग पहिली वस्तू ठरली कडबा कापायचं यंत्र. जनावरांना लांब कडबा तसाच टाकला की ती अर्धा खातात आणि अर्धा तुडवतात. बारीक कुट्टी करून दिली तर चारा वाया जात नाही. गरज खरी, यंत्र सोपं.

छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम चालू झालं. माहितीसाठी ते अमेरिकेतली तांत्रिक मासिकं मागवून वाचायचे. वर्गात शिकायला मिळालं नाही ते छापील पानांतून, आणि पानांत नाही ते लेथ आणि भट्टीसमोर.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. साल १९०३ च्या आसपास.

नांगरात एवढं काय आहे?

आता थोडी तांत्रिक बाजू समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

आमच्या पनवेल तालुक्यात भातशेती. पावसाने चिखल झालेल्या खाचरात दोन बैल आणि हलका लाकडी नांगर पुरतो. पण घाटावरच्या काळ्या जमिनीचं तसं नाही. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक होते. त्यात हरळी, कुंदा अशी खोल मुळांची तणं. वरून कितीही ओढून काढा, मुळं आत राहतात आणि तण परत उगवतं. अशी जमीन फोडायला जड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागायचे.

लाकडी आणि लोखंडी नांगरातला फरक फक्त कशाचा बनलाय एवढाच नाही. काम करायची पद्धतच वेगळी आहे:

- लाकडी नांगर जमीन चिरत जातो. माती दोन्ही बाजूंना सरकते, पण उलटत नाही.
- लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळलेला पत्रा असतो. फाळ मातीचा थर खालून कापतो आणि हा वळलेला पत्रा तो थर उचलून पालथा करतो.
- माती पालथी झाली की तणाची मुळं उघड्यावर येऊन उन्हात वाळतात, आणि वरचा पालापाचोळा खाली जाऊन कुजतो.

त्या पत्र्याचं वळण हीच खरी कारागिरी. वळण जास्त झालं तर बैलांवर ताण, कमी झालं तर माती उलटत नाही. फाळाचीही तीच कथा. धातू मऊ असेल तर आठवड्यात झिजतो, फार कडक असेल तर दगडावर आपटून तुटतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नेमकं किती कडक करायचं हे भट्टीसमोर चुका करत करतच शिकावं लागतं.

परदेशी लोखंडी नांगर तेव्हा देशात येत होते. म्हणजे लक्ष्मणरावांनी नांगराचा शोध लावला असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्यांनी काय केलं? ती वस्तू इथे बनवली, इथल्या बैलांसाठी, आणि बिघडली तर जवळच दुरुस्त होईल अशी.

आणि तरीही कुणी घेईना!

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक नाही. पहिले सहा नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षांत सहा!

कारण म्हणून नेहमी एक गोष्ट सांगितली जाते. लोखंडाने जमिनीत विष पसरतं आणि पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज हे वाचून हसू येतं. पण २०२० मध्ये ५जी टॉवरमुळे कोरोना पसरतो असे मेसेज किती शिकलेल्या लोकांनी फॉरवर्ड केले, ते आठवा आणि मग हसा.

पण मला वाटतं, नुसती अंधश्रद्धा म्हणून हे सोडून देणं बरोबर नाही. कारण जुन्या लाकडी नांगराच्या टोकालाही लोखंडाचा फाळ असायचाच. लोखंड शेतात पहिल्यांदा चाललं नव्हतं. मग खरी भीती कशाची होती?

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही शेतकऱ्यांसाठी एक ॲप बनवलं होतं. दिसायला छान, फीचर भरपूर. मी ते कौतुकाने गावी काकांना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, यातलं चुकलं तर माझ्या भाताचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ॲप काही महिन्यांत बंद पडलं. आमचं नुकसान झालं फक्त काही फाइल्सचं. काकांनी त्याच्यावर भरवसा ठेवला असता, तर त्यांचा पूर्ण हंगाम गेला असता.

शेतकऱ्याला वर्षात एक खरीप मिळतो. त्याला 'ट्राय करून बघू, नाही आवडलं तर अनइन्स्टॉल करू' असं म्हणता येत नाही. नवीन नांगर महाग, तो ऐन पेरणीआधी तुटला तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न अगदी रास्त होता. 'विष' हा शब्द त्या भीतीला मिळालेलं नाव असावं.

अशा भीतीला भाषणाने उत्तर देता येत नाही. शेजारच्या शेतात नांगर चाललेला दिसावा लागतो, पीक आलेलं दिसावं लागतं, आणि फाळ झिजला तर नवीन फाळ मिळावा लागतो. लक्ष्मणराव वाट बघत राहिले आणि नांगर बनवत राहिले. हळूहळू मागणी वाढू लागली.

जागाच गेली, मग गाव वसवलं

धंदा रुळावर येतोय असं वाटत असतानाच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. शहराची नवी वस्ती तिथे वाढवायची होती. यंत्रं, कामगार, भट्टी सगळं घेऊन जायचं कुठे?

तेव्हा लक्ष्मणराव औंध संस्थानात एका बांधकामाच्या निमित्ताने काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे म्हणूनही ते ओळखले जातात. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिलं.

जमीन कशी होती? ओसाड माळ, निवडुंगाची रानं आणि सापांचा सुळसुळाट. पाण्याचे हाल. पण रेल्वे स्टेशन बाजूलाच! जड नांगर लांबच्या गावांना पाठवायचे तर हे फार महत्त्वाचं होतं. १० मार्च १९१० ला तिथे कारखान्याची सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन गाव वसलं, किर्लोस्करवाडी. झारखंडच्या बाजूला टाटांचं पोलादाचं गाव साधारण याच काळात आकार घेत होतं. पण टाटांच्या मागे मोठं भांडवल होतं, इथे सगळं हाताशी असलेल्या माणसांवर.

आणि माणसं तरी कशी! रामुअण्णा गावाची आखणी आणि कारभार बघायचे. शंभुराव जांभेकर यंत्रांचं काम बघायचे, आणि वेळ पडली तर जखमांवर मलमपट्टी करायला आणि आग विझवायलाही तेच. मंगेशराव रेगे हिशेब आणि कामगार दोन्ही सांभाळायचे. के. के. कुलकर्णी काम थांबू नये म्हणून सगळीकडे धावपळ करायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण इंजिनिअर म्हणून सगळ्यांत कल्पक. आज छोट्या स्टार्टअपमध्ये एकच जण कोड लिहितो, कस्टमरचा फोन घेतो आणि चहाही सांगतो ना, अगदी तसं.

लक्ष्मणराव माणूस निवडताना डिग्री बघत नव्हते, आणि जातही नाही. अस्पृश्यता पाळायची नाही हा वाडीचा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात हे किती अवघड होतं, याचा जरा विचार करा.

तोफा वितळवून नांगर

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर येणं थांबलं. मागणी किर्लोस्करांकडे वळली. पण त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दारात आणि कच्चा माल नाही!

मदतीला आले कोल्हापूरचे शाहू महाराज. संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा त्यांनी वितळवण्यासाठी दिल्या. तोफा भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. एका संस्थानाने जमीन दिली, दुसऱ्याने धातू. किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगताना ही दोन नावं वगळता येत नाहीत.

युद्ध संपल्यावर, जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झालं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर. सुरुवातीचा हेतू साधा होता, कारखान्याची आणि वस्तूंची माहिती लोकांपर्यंत पोचवणं. आज आपण याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतो. पण ते मासिक वाढत वाढत 'किर्लोस्कर' झालं, मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडं आली. मराठी घराघरांत विज्ञान, सुधारणा आणि नवे विचार पोचवण्यात या मासिकांचा मोठा वाटा आहे. आणि या सगळ्याचं मूळ नांगराच्या कारखान्यात!

पंप कुठून आला?

आता परत आपल्या बिल्डिंगच्या पंपाकडे येऊ. नांगर चालला, पण पाण्याशिवाय शेत पिकत नाही. किर्लोस्करवाडीत हातपंप, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं अशा वस्तू बनू लागल्या होत्या. १९२६ मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप आला. यात आतमध्ये पात्यांचं एक चाक वेगाने फिरतं. ते मधून आलेलं पाणी कडेला फेकतं आणि त्या जोरावर पाणी पाइपमधून वर चढतं. तुमच्या बिल्डिंगमधला पंपही बहुतेक याच तत्त्वावर चालतो.

त्याच वर्षी मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतला. ज्यांना स्वतःला इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, त्यांनी मुलाला जगातल्या उत्तम कॉलेजांपैकी एका कॉलेजात पाठवलं. पुढची सूत्रं हळूहळू शंतनुरावांकडे गेली. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिनं आणि बंगळुरूला इलेक्ट्रिक मोटर्स असा विस्तार झाला. विहिरीवर इंजिन आणि पंप आला, आणि बैलांच्या मोटेचा आवाज मागे पडत गेला.

शेवटची परीक्षा

१९४८ च्या सुरुवातीला गांधीजींची हत्या झाली आणि महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर, कारखान्यांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. जिथे जात बघून काम दिलं जात नव्हतं, ती जागा जातीच्या रागात जळाली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवडुंग उपटून उभं केलेलं सगळं या वयात जळालेलं बघणं सोपं नसणार. नुकसान मोठं होतं, पण कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

यातून आपण काय घ्यायचं?

अशा लेखांच्या शेवटी 'जिद्द ठेवा, यश मिळेल' असं लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही, कारण जिद्द असलेले पण नांगर न विकता आलेले लोकही असतीलच. औंध आणि कोल्हापूरची मदत मिळाली नसती तर काय झालं असतं, हेही सांगता येत नाही.

पण एक गोष्ट नक्की आहे. लक्ष्मणरावांची वस्तू पहिल्या दिवसापासून उपयोगी होती, आणि तरीही तिच्यावर लोकांचा भरवसा बसायला वर्षं गेली. त्यांनी त्यासाठी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. कारखाना त्याच्या मुलखात ठेवला आणि त्याच्या गरजेची पुढची वस्तू बनवली. आपण ॲप बनवतो, वेबसाइट बनवतो, आणि आठवड्यात डाउनलोड आले नाहीत की लोकांना टेक्नॉलॉजी कळत नाही म्हणून मोकळे होतो. मी स्वतः तसं म्हटलंय. आता काकांचा प्रश्न आधी विचारतो.

पनवेलहून पुण्यामार्गे सांगलीला रेल्वेने गेलात, तर वाटेत एक छोटं स्टेशन लागतं. जुनं नाव कुंडल रोड, आजचं नाव किर्लोस्करवाडी. पलूस तालुक्यातलं हे गाव आणि कारखाना आजही तिथेच आहेत. गाडी स्टेशनात शिरली की दोन मिनिटं फोन खाली ठेवा आणि खिडकीतून नक्की बघा.